तिसऱ्या हाकेच्या फाइलबाबत

मी, रागिणी भगवंतराव अढाऊ, वय ४३, धंदा संगीत (माझा भाऊ श्याम याला धंदा मानत नाही), राहणार जठारपेठ, अकोला, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दाबाखाली नसताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. माझ्यामागे हे घर श्यामचं. तो अमरावतीत क्लास चालवतो, तिथं भाडं भरतो. त्यानं इथं यावं. अट खाली आहे.

२. सिंथ, मिक्सर आणि स्पीकर माझा सोबती प्रीतम तायडे याला. विकायचेच झाले तर पुण्याच्या त्या शहाण्याला विकू नयेत, ज्यानं माझ्या संगीताला फ्रिजची घरघर म्हटलं. मेल्यावरही माफ नाही.

३. लॅपटॉप प्रीतमनं फोडून जाळावा. त्याचं कारण असं.

आमच्या दर्यापूरच्या घरी रीत होती: दिवेलागणीला बाहेरून हाक आली, तर दोन हाकांना ओ द्यायची नाही. तिसरी हाक जिवंत माणूसच मारतो. आई असताना तिच्या दोन हाका मी रेकॉर्ड केल्या, "रागेऽ, ए रागे!" कापसाच्या बंद जिनिंग कारखान्याच्या टिनांवरच्या वाऱ्याच्या आवाजात त्या ताणून घुमवल्या. तिसरी मुद्दाम ठेवली नाही, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा म्हणून. नाव न लावता ते नेटवर टाकलं. कुठकुठले लोक ऐकतात.

आई गेली. मग एका संध्याकाळी त्याच फाइलमध्ये तिसरी हाक आली. प्रीतमनंही ऐकली. मी ओ दिली. आई होती माझी, कशी नाही देणार! तेव्हापासून मी वाळत चालले आहे आणि डॉक्टरांना काही सापडत नाही.

आता ती मला बोलावत नाही. परवापासून त्या फाइलमधून "शाम्या, ए शाम्या" येतं. श्यामचं नाव मी कधीच रेकॉर्ड केलेलं नाही.

४. म्हणून अट: या घरात श्यामनं तिसऱ्या हाकेलाही ओ देऊ नये. माणूस डोळ्यांनी दिसला तरच बोलावं. तो लहानपणापासून हाक पुरी व्हायच्या आत ओ देतो. आई ओरडायची, "अबे, थांब तं जराक!" माझा एकच भाऊ आहे. माझा जीव आहे त्याच्यावर.

आज तो अमरावतीहून आला आहे, हे कलम त्याला आत्ताच वाचून दाखवलं. "ताई, पागल झाली काय वं तू? मले कोन बोलावते?" म्हणून हसला आणि चहा ठेवायला आत गेला.

सही करणार होते तेवढ्यात आतून त्याचा आवाज आला, "ओऽ, आलो!" लॅपटॉप बंद आहे.

रागिणी भ. अढाऊ
जठारपेठ, अकोला. १४ नोव्हेंबर २०२४

साक्षीदार: प्रीतम तायडे, जाईबाई गावंडे, शेजारीण.
रागिणीताईंनी आमच्या समोर सही केली. श्यामभाऊंना आम्ही दोघांनी हाक मारलेली नाही.