उलटा हात

२ मार्च १९८७
वडवणीच्या रस्त्यावरचं सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र आजपासून माझं! केजहून एसटीने आलो, पत्र्याची पेटी आणि हत्यारांची पिशवी घेऊन. कायम वायरमनची नोकरी लागली म्हणून आईने सगळ्या आळीला पेढे वाटले. व्यवस्थापक सुंदरराव भला माणूस दिसतो. स्वतःच्या हाताने चहा केला, तोही नुसत्या दुधाचा. म्हणाले, इथे दूध हवं तेवढं मागा, पाणी मागू नका. मला हसू आलं.

३ मार्च
सगळं फिरून पाहिलं. फ्यूजमध्ये बारीक तारेऐवजी तांब्याची जाडजूड तार कोंबलेली. स्टार्टरला झाकण नाही. दुधाचे कॅन धुण्याच्या मोटरीखाली कायम ओल, आणि तिथेच कॅन धुणारी छबुबाई अनवाणी उभी. फ्यूज बदलले, झाकण बसवलं, उघड्या जोडांना पट्टी मारली. छबुबाईला गमबूट मिळाले होते म्हणे. ते तिने लेकाला देऊन टाकले, तो आणि सून ऊसतोडीला गेलेत.

इथली एक गंमत. कोणीही मशीनला आधी उलटा हात लावतं. करंट असला तर तळहात आवळून चिकटतो, उलटा हात मात्र झटकला जातो, असं आधीच्या वायरमनने, बंकटने, शिकवलंय. मंडळी इतकी तयार की बसण्याआधी लाकडी स्टुलालाही उलटा हात लावतात. बंकट कुठे गेला म्हणून विचारलं, तर सुंदररावांनी पावसाचा विषय काढला.

९ मार्च
अर्थिंगचा खड्डा उघडला. कोळसा, मीठ, सगळ्याची भुकटी झालेली. खड्ड्यात ओल असली तर गळका करंट जमिनीत जातो. नसली तर तो मशीनच्या अंगावर राहतो आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो. सुंदररावांना हे नीट समजावलं. पाण्याचा टँकर चार दिवसांनी एकदा येतो, तरी त्यांनी खड्ड्यासाठी रोज एक घागर मंजूर केली. ती ओतायचं काम छबुबाईकडे. पहिली घागर ओतून ती तिथेच बसून राहिली. मग म्हणाली, "मातीला पाणी पाजायलात साहेब, आन् घरी माजा सासरा कोरड्या तोंडानं पडलाय."

११ मार्च
छबुबाईला म्हटलं, घागर घरी ने. खड्ड्याला आठवड्यातून एक पुरेल. ती पाया पडायला लागली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२४ मार्च
कॅन धुणाऱ्या बायका आता मशीनला हात लावत नाहीत. आधी तुम्ही लावा म्हणतात. टेस्टरच्या दिव्यावर त्यांचा विश्वास नाही, माझ्या हातावर आहे. रोज सकाळी डावा हात उलटा करून लावतो. मुंग्या येतात. हळूहळू मीही टेस्टर खिशातून काढेनासा झालोय.

२ एप्रिल
मोठा झटका बसला. भिंतीवर आदळलो. आठवड्याची घागरही दोनदा चुकली होती, माझ्या लक्षातच राहिलं नाही. आज ओतली. डाव्या हाताची बोटं संध्याकाळपर्यंत वाकली नाहीत. कोणाला सांगितलं नाही. हात गेलेला वायरमन कोण ठेवेल?

६ एप्रिल
हात बधिर आहे. काडी पेटवून बोटाला लावली. कातडीचा वास आला तेव्हा कळलं.

८ एप्रिल
टेम्पो दारात होता. दूध नासायच्या बेताला आलेलं. छबुबाईने विचारलं, करंट नाही ना? मी हात लावला. काही लागलं नाही. म्हटलं, कर चालू.

ती गेली.

तिने उलटा हात लावलाच नाही. मी लावला होता ना. सरळ धरलं तिने. मेन पाडायला मीच धावलो. रडू येत नाही.

९ एप्रिल
सुंदरराव म्हणाले, बंकट तिथेच गेला. शेवटी शेवटी त्याच्याही हाताला काही कळत नव्हतं.

१२ एप्रिल
अर्धा टँकर खड्ड्यात ओतला. कोणी अडवलं नाही. हात घालून पाहिलं. कोरडं. भुकटी.

१४ एप्रिल
मेन बंद. खांबावरची वायर सोडवली. त्यात आज पूर्ण गावातच लाइट गेलेली. मोटरीला टेस्टर लावला — तरी दिवा लागला. पुन्हा लावला. लागला.

सुंदररावांना दाखवलं. म्हणाले, बंकटनेही दाखवला होता. दूध येतंय, वायर जोडा. टेस्टर त्यांनी ठेवून घेतला.

वायर जोडली.

१५ एप्रिल
पेटी भरली. एसटी आली. गेली. मी बाकावरच.

१८ एप्रिल
छबुबाईची सून, मुक्ताबाई, उसाच्या फडावरून परत आलीय. सासूची जागा तिला दिली. अनवाणी. तिला हाताचं सांगायचं होतं —

बधिरपणा खांद्यापर्यंत आलाय. मानेपर्यंत.

१९ एप्रिल, सकाळी
जीभ हलत नाही. मोटरीपाशी उभा राहून लिहितोय. टेम्पो दारात. मुक्ताबाई ओल्यात, कॅन घेऊन. तिने मला आधी हात लावायला सांगितला. लावला. काही नाही. करंट नाही की मलाच —

"धरू का साहेब?" म्हणाली.

नको.

वही तिच्यापुढे धरली. नको लिहिलंय. मोठं लिहितो. नको. नको.

ती लाजून हसली. "मला वाचाय येत न्हाई. तुमी नुस्ती मान हलवा."

मान — हलतेय का — कशी हलतेय, हो म्हणून की — मला कळत ना —

तिने हात पुढे