विंगेतून ख्यालीखुशाली

नायकसाहेबांस,

विंगेतल्या माणसाचा, तोंडावर रुमाल बांधून, लांबूनच नमस्कार. तुझा आवाज, तुझा गुडघा आणि वहिनी (तू नेहमी याच क्रमाने काळजी करतोस) सुखरूप असतील असं धरून चालतो. आमची ही प्रत्येक कागदावरून इस्त्री फिरवल्याशिवाय तो घराबाहेर जाऊ देत नाही, येऊही देत नाही. तेव्हा पत्र कुठे करपलेलं दिसलं तर तो माझ्या मनःस्थितीचा पुरावा समजू नकोस.

तर, करोनाच्या तपासणीत माझं नाव निघालं आणि मला मागच्या खोलीत कोंडण्यात आलं. ताप उतरलाय. खोकला आहे, पण आपल्या नाटकांतल्या नोकरासारखा, मधूनच येतो, काही न बोलता जातो. ही ताट दाराबाहेर ठेवते, कडी वाजवते आणि मी दार उघडेपर्यंत पसार होते. इतक्या वर्षांच्या संसारात ही एवढी चपळ आहे याचा मला पत्ता नव्हता. बाकी मी अगदी मजेत आहे.

भानगड झाली ती सवयीमुळे. शेजारच्या खोलीत चिरंजीवांचं ऑफिस भरतं, म्हणजे तो कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली लेंगा घालून संगणकासमोर बसतो. मधली भिंत आपल्या पडद्यापेक्षा जाड नसावी. परवा त्याचा साहेब त्याला झापत होता, काम वेळेत का झालं नाही म्हणून, आणि पोरगा अडकला. "सर... म्हणजे... सर..." अरे, अशी शांतता पसरली की माझ्या अंगावर काटा आला. नट वाक्य विसरला की पसरणाऱ्या त्या शांततेवर तीस वर्षं पोट भरलेला माणूस मी! तोंडातून आपसूक गेलं, "आणखी आठ दिवस मिळाले तर चोख करून देतो!" साहेबाने विचारलं, हे कोण बोललं? मुलाने वाक्य उचललं, मुदत मिळाली, आणि नंतर दाराबाहेर उभा राहून त्याने मला अर्धा तास झाडलं. कौतुक कुणी केलं नाही, पण प्रॉम्प्टरचं कौतुक केलंय कोणी?

खरं सांगू, इथे पडल्या पडल्या ते दिवस फार आठवतात. रंगाचा आणि धुळीचा तो वास, मोडक्या स्टुलावर बसलेला मी, गुडघ्यावर संहिता, हातात बॅटरी. तू एकदा कौटुंबिक नाटकात दुसऱ्याच नाटकातल्या राजाची वाक्यं सुरू केलीस आणि सुनेला हद्दपार केलंस, आठवतं? मी इतक्या जोरात सांगायला लागलो की पहिल्या रांगेतल्या एका बाईंनीच तुला वाक्य ओरडून दिलं, आणि तू मान झुकवून त्यांचे आभार मानलेस! तुमच्यापैकी कोणी माझ्याकडे कधी बघायचं नाही, बघितलं तर प्रेक्षकांना कळतं. त्यामुळे तुझा चेहरा विचारशील तर मला नीट सांगता यायचा नाही, पण तुझा उजवा कान मी हजारात ओळखेन. फार सुखाचे दिवस होते रे ते.

आता मुद्द्यावर येतो. माझ्या मनाच्या तब्येतीसाठी चिरंजीवांनी एक बाई लावल्यात. बाई कसल्या, नातीच्या वयाची मुलगी. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. खोलीतल्या खोलीत फिरा, बातम्या कमी बघा, झोपेची वेळ पाळा, असं सगळं ती गोड सांगते, आणि शेवटी विचारते, "आज तुम्हाला कसं वाटतंय?" इथे माझी गाडी अडते. आयुष्यभर मी दुसऱ्यांची वाक्यं सांगितली, माझ्या वाटणीला वाक्य आलंच नाही. पहिल्या दिवशी घाईत मी तिसऱ्या अंकातलं देऊन टाकलं: "हा दिवा आता फार वेळ तेवायचा नाही." तिने घाबरून मुलाला फोन लावला, मुलगा मीटिंग सोडून दारावर धडकला, ही रडायला लागली, आणि मला दाराआडून शपथेवर सांगावं लागलं की दिवा ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी विनोदी नटाचं भाषण दिलं. ती इतकी हसली की "मनःस्थिती उत्तम" असं लिहून मोकळी झाली.

असो. थोरांना नमस्कार, लहानांपासून सहा फूट अंतर.

तुझा, कायम अंधारातला,
प्रॉम्प्टर

ता. क. तुझ्याकडे माझी बॅटरी राहिली आहे. घाई नाही.

ता. क. दुसरा. घाई आहे, पण बॅटरीची नाही. शुक्रवारी त्या मुलीचा ठरलेला शेवटचा फोन. तेव्हा बरं वाटतंय म्हटलं की फोन कायमचे बंद होणार. मला ते बंद व्हायला नकोत, पण तसं तिला सांगायचं कसं? फार रडकं नको, फार हसरं नको, असं एखादं वाक्य तुझ्या लक्षात असेल तर ताबडतोब कळव.

भावजींना नमस्कार. ह्यांचं पत्र इस्त्री करताना वाचलं. मजेत वगैरे काही नाहीत हे. ताटातलं अर्धं परत येतं, आणि पाऊल वाजलं की आतून विचारतात, "कोण, तूच ना?" मी ताट ठेवून पसार होत नाही हो, दाराच्या कडेला भिंतीला टेकून बसते, पण बोलले तर मलाच रडू येईल म्हणून गप्प असते. तुम्ही वाक्य शोधत बसू नका, फोन करा. शुक्रवारी मी दाराला तोंड लावून बसणार आहे. ती मुलगी विचारेल आणि हे अडकतील, तेव्हा हळूच सांगेन, "म्हणा, एकट्याला करमत नाही."