दोरीवरचा सदरा

धसई, मंगळवार, संध्याकाळ

काशीचं निराधार अनुदान थांबवलं. वाडीच्या टोकाला ही विधवा एकटी. रात्री कुणी पिऊन दार वाजवू नये म्हणून मेलेल्या नवऱ्याचा सदरा रोज दोरीवर वाळत घालते. बोगस लाभार्थी शोधायला आलेल्या साहेबांना नेमका तोच दिसला. "घरात पुरुष आहे, मग निराधार कशी?"

"बाय, दारुड्यांना फसवाया टाकलेला गो," काशी मला म्हणाली, "फसला सायेब!" मी हसले. मग हसू टिकलं नाही.

फेरतपासणीत पुन्हा सदरा दिसला तर अनुदान कायमचं जाईल. पण काढ म्हणू कशी तिला?

मघाशी तिच्या घरावरून आले. दोरी रिकामी होती. फटीतून दिसलं, आत काशी दाराला पाटा सरकवून लावत होती.