मुंगीला जे सांगितलं

३ मार्च, मंगळवार

दादाच्या बाळाला जाऊन आज अकरा दिवस. मुंगी घरभर एकच प्रश्न विचारत फिरतेय — बाळ कुठे आहे? तिची आई, म्हणजे वहिनी, म्हणाली, झोपलंय. दादा म्हणाला, डॉक्टरांकडे आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, चांदणी झालं. साडेचार वर्षांच्या पोरीलाही एवढं कळतं की ही तिन्ही उत्तरं एकदम खरी असू शकत नाहीत.

संध्याकाळी माझ्याकडे आली. "काका, तू सांग. तू खरं सांगतोस."

मी सांगितलं. बाळ मेलं. परत येणार नाही.

थोडा वेळ माझ्या बाहीचं बटण फिरवत बसली. मग — "मेल्यावर वजन असतं?"

"असतं. होतं तेवढंच."

दादाने आतून ऐकलं. "तुझ्या जिभेला काही हाड आहे का रे?" मला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

४ मार्च, बुधवार

मी दुरुस्त करून दिलेले दोन वजनकाटे दुकानात परत आले. दोन्हींत पाच-पाच ग्रॅमचा फरक. मालक माझ्या हातांकडे बघत राहिले.

५ मार्च, गुरुवार

आईला रविवारी ताईकडे पाठवायचं ठरलं. कायमचं.

बाळ गेलं त्या शुक्रवारी घरात आई, मुंगी आणि बाळ, तिघंच होती. वहिनीची सुट्टी संपून ती आठवड्यापूर्वीच कामावर जाऊ लागली होती. आईचा डोळा लागला. डॉक्टर म्हणाले, श्वासनलिकेत शेंगदाण्याचा तुकडा अडकला. सात महिन्यांच्या बाळाच्या तोंडात शेंगदाणा गेला कसा, हे आईला विचारलं तर ती नुसती भिंतीकडे बघत राहिली. काल मात्र आपणहून म्हणाली, "मीच भरवला."

तेव्हापासून वहिनी तिच्या हातचा चहा घेत नाही. "त्यांना माझ्या नजरेसमोर ठेवू नका," एवढंच दादाला म्हणाली. दादाही आईशी बोलताना आता खाली बघतो.

मुंगीला कोणी काही विचारलं नाही. एवढ्याशा पोरीला काय विचारायचं, असं सगळ्यांना वाटलं असणार.

मला ते वाटत नव्हतं. मला भीती वाटत होती.

६ मार्च, शुक्रवार

आज दुकानात गेलो नाही. ही वही मागे उलटून बघितली. १७ फेब्रुवारीचं पान जसंच्या तसं उतरवतो:

"बाळाचं वजन सहा किलो शंभर. आठवड्यात वीस ग्रॅमही वाढ नाही. वहिनी रडली. मुंगीने विचारलं, वजन कसं वाढतं? म्हटलं, खाल्ल्यावर. तिचा विश्वास बसेना. मग तिला काट्यावर उभं केलं. पंधरा किलो दोनशे. मूठभर शेंगदाणे खायला दिले, पुन्हा उभं केलं. पंधरा किलो दोनशे चाळीस. आकडा बघून टाळ्या पिटल्या. एकदा डोळ्यांनी दाखवलं की विसरत नाही. हुशार आहे."

आठवीत शाळा सुटली तरी शुद्धलेखन मी सोडलं नाही. या पानात एक वेलांटी चुकलेली नाही. फक्त एक वाक्य नाही — बाळाला असलं काही द्यायचं नाही. ते मी वहीत लिहायला विसरलो, की तिला सांगायलाच? सकाळपासून आठवतोय. सांगितल्याचं आठवत नाही.

आता दुसरंही लिहितो. त्या शुक्रवारी निरोप आला म्हणून मी धावत घरी गेलो. दादा बाळाला घेऊन बाहेर पळाला होता. बाळाला मोजायला मी घरी आणून ठेवलेल्या काट्याच्या ताटलीत शेंगदाण्याची फोलपटं पडली होती. मुंगीने माझा शर्ट ओढला. "काका, आता मोज ना बाळाला. वाढलं असेल."

मी फोलपटं फुंकली, ताटली रुमालाने पुसली आणि काटा दुकानात परत नेला. हे कोणालाच सांगितलेलं नाही.

७ मार्च, शनिवार

दादाला सगळं सांगायचंच, असं ठरवून उठलो. आधी मुंगीला विचारलं, बाळाला शेंगदाणा कोणी दिला?

"आजीने."

"तू बघितलंस?"

"हो. आजी बसली होती, वाटी तिच्या हातात होती. असा दिला." बोटांची चिमूट करून दाखवली. आई तेव्हा झोपली होती. शेजारच्या काकूंनी तिला हलवून उठवलं होतं!

आई पिशवी भरत होती. मी दार लोटून घेतलं. "मुंगीला काय सांगितलंस तू?"

"काय सांगायचं? मी दिला म्हटलं. रोज सांगितलं. आता तीच मला सांगते, वाटी कुठल्या हातात होती ते."

"तू झोपली होतीस."

"झोपले होते ना? मग चूक माझीच. नीट घडी घाल त्या लुगड्याची."

मी फोलपटांचं सांगितलं. काट्याचं, टाळ्यांचं, सगळं. तिला नवल वाटलं नाही. "मुंगी मला पहिल्याच दिवशी म्हणाली, काकाने शिकवलं."

"मग मी दादाला सांगतो. मी शिकवलं म्हणून."

"सांग. तो विचारेल, म्हणजे मुंगीने दिला? मग काय म्हणशील, सत्यवचनी?"

मी लुगड्याची घडी मोडून पुन्हा घातली.

"सुनेला कोणाचा तरी राग येणारच. तो पोटच्या पोरीवर नको. माझं काय, किती दिवस राहिले? तिला अख्खा जन्म काढायचाय." पिशवीचे बंद बांधता बांधता म्हणाली, "एकदा तरी ती तुला विचारेल बघ. माझं तिला पुरतं पटत नाही. सुई दुखणार नाही म्हणाले होते मी, आणि दुखली."

८ मार्च, रविवार

सकाळी दहाला आई गेली. वहिनी खोलीबाहेर आली नाही. मुंगी दारात उभी होती, तिने हात हलवला नाही.

गाडी वळल्यावर तिने माझं बोट धरलं. "काका, आजीनेच दिला ना?"

"हो. आजीनेच."

"मला वाटायचं, मी दिला," ती म्हणाली, आणि बोट सोडून खेळायला गेली.