चार दोऱ्यांचं सेमिस्टर

२४ ऑगस्ट, रविवार

विसरलीस ना? उद्या हा फोन कानाला लावशील आणि विचारशील, ही कोण बाई एवढं ठासून बोलतेय? तूच ती. कवळी तोंडात असताना घरभर कवळी शोधणारी. तुला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून नातीने, काझुआने, हे लाल बटण दाखवून दिलं. दाबायचं, बोलायचं, तारीख फोन आपली आपण लावतो. तुझं तू ऐक. दुसऱ्या कुणाच्या कानावर जाता कामा नये.

तर ध्यानात ठेव. आजपासून काझुआच्या डॉक्टरकीचं सगळं मी बघणार.

दुपारी ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. कॉलेजचं दुसरं वर्ष. सल्लागार बाईंनी सांगितलंय म्हणे, प्रयोगशाळा असलेले विषय एका सेमिस्टरला दोनच घे, बाकी काहीतरी हलकं. म्हणून ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि बायोलॉजी. मी विचारलं, फिजिक्स लागत नाही का डॉक्टरला? लागतं. स्टॅटिस्टिक्स? तेही लागतं. मग लागणारच आहे तर थांबायचं कशाला? या देशात येण्याआधी लाओसच्या डोंगरावर आम्ही मक्याच्या शेतातच काकडी लावायचो, भोपळा लावायचो, शेंगा लावायचो. एकाच पावसात सगळं वर यायचं. त्या सल्लागार बाईने कधी शेत केलंय?

काझुआ म्हणाली, आजी, भोपळ्याला प्रयोगशाळा नसते. मी म्हणाले, भोपळ्याला डोकंही नसतं, तरी येतो ना!

हसली. दोन्ही विषय वाढवले. माझ्यासमोर बटण दाबलं.

सूनबाई ब्लिया तेवढ्यात भांडी आपटत होती. तिला सवयच आहे.

३१ ऑगस्ट, रविवार

दोरे बांधले. घर भरलं होतं. अंडी उकडली, दोन कोंबड्या, चिकट भात, तळलेले रोल तर टोपलीभर. पोर नवीन वर्गात जाते, तिचा आत्मा वाटेत कुठे रेंगाळू नये म्हणून सगळ्यांनी मनगटाला पांढरा दोरा बांधायचा, आशीर्वाद द्यायचा. हे आपलं नेहमीचंच. पण मी यंदा डोकं लढवलं. प्रत्येक विषयाचा वेगळा दोरा! केमिस्ट्रीचा मी बांधला. फिजिक्सचा थाओ भावजींनी. बायोलॉजीचा तिच्या बापाने, नेंगने. स्टॅटिस्टिक्सचा तिच्या आत्याने. तिला उच्चार जमेना, म्हणून नुसतं 'ते चौथं' म्हणाली.

थाओ भावजी म्हणाले, वहिनी, दोरा आत्म्याला बांधतात, विषयाला नाही. आणि तीन दिवसांनी सोडायचा असतो. मी म्हणाले, भावजी, हे निकाल लागेपर्यंत राहणार. त्यांनी कोंबडीची तंगडी उचलली. म्हणजे पटलं.

मग मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं, पोरगी एका दमात चार घेतेय. टाळ्या झाल्या. काझुआ लाल झाली. आनंदाने.

६ सप्टेंबर, शनिवार

बाजार. माझ्या टेबलावरची कोथिंबीर लवकर संपली. कारली उरली. शेजारच्या टेबलावर नेहमीप्रमाणे युआ. तिचा नातू फेंग आपल्या काझुआच्याच कॉलेजात, त्यालाही डॉक्टरच व्हायचंय. मी सहज विचारलं, फेंगने काय काय घेतलंय? म्हणाली, एक केमिस्ट्री, बाकी इतिहास की काय, आणि एक चित्रकलेचं. मी म्हणाले, चित्रकलेचं! पेशंटचं चित्र काढणार वाटतं. आमची चार घेतेय.

युआ म्हणाली, अगं बाई, चार? झोपते कधी?

मत्सर. तिचे मुळेसुद्धा यंदा बारीकच आहेत.

१४ सप्टेंबर, रविवार

नेंगबरोबर होस्टेलवर डबे पाठवले. उकडलेली कोंबडी, मोहरीचा पाला, भोपळ्याचं सूप, भात, रोल, चटणी. डोकं चालवायला पोट भरलेलं लागतं. नेंग परत येऊन म्हणाला, आई, तिचा फ्रिज उशीएवढा आहे, मागच्या आठवड्याचेच डबे आत आहेत. मी म्हणाले, मग नीट रचायला सांग.

ठराव: पुढच्या वेळी चौकोनी डबे.

२७ सप्टेंबर, शनिवार

काझुआ बाजारात मदतीला येणार होती. आली नाही. प्रयोगाचं काहीतरी लिहून द्यायचंय म्हणे. चांगलं लक्षण आहे.

युआने विचारलं, नात कुठे? मी म्हणाले, अभ्यास. ती म्हणाली, फेंग गाडीतून टोपल्या उतरवतोय. मी म्हणाले, त्याला वेळच वेळ. चित्रकला ना!

गिऱ्हाईक ऐकत होतं, नाहीतर अजून बोलले असते.

५ ऑक्टोबर, रविवार

काझुआ जेवायला आली. मनगटावरचा एक दोरा तपकिरी झालाय. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत कशात तरी बुडाला. तिथल्या मास्तरांनी बजावलंय, दोरे काढ, नाहीतर हातमोज्याच्या आत खोच, आग लागेल एखाद्या दिवशी. तिने खोचले. काढले नाहीत. माझी नात आहे.

ब्लिया म्हणाली, पोरगी बारीक झालीय. मी म्हणाले, उंच झालीय. ती म्हणाली, वीस वर्षांची मुलगी उंच होत नाही, आई. मग ती भांडी घासायला गेली. आम्ही अजून जेवत होतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

फिजिक्सचे मार्क आले. एक्केचाळीस.

काझुआने फोनवर सांगितलं. मी विचारलं, किती पैकी? म्हणाली, शंभर. मी म्हणाले, सुरुवातीला जमीन कडकच लागते. पलीकडे काहीच आवाज नाही. माझा फोन जुना झालाय, मधेच आवाज जातो.

बाजारात युआने मार्क विचारलेच. मी म्हणाले, एक्केचाळीस. ती म्हणाली, पन्नासपैकी? कोथिंबिरीच्या जुड्या बांधता बांधता मी म्हणाले, तसंच काहीसं.

हे खोटं नाही. मी आकडा बरोबर सांगितला.

१२ ऑक्टोबर, रविवार

कालचं परत ऐकलं. 'तसंच काहीसं' हे ऐकायला फार वाईट वाटतं. पुसायचं कसं ते काझुआने शिकवलेलं नाही, आणि आता तिला विचारावं कसं?

रात्री दंव गोठून शेवटची कारली काळी पडली. सगळी एकदम. नुसती नोंद म्हणून सांगतेय.

२६ ऑक्टोबर, रविवार

काझुआ आली. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ बसली. हात पुढे केला आणि विचारलं, आजी, यातला फिजिक्सचा दोरा कुठला?

मला काय आठवतंय! तपकिरी केमिस्ट्रीचा, एवढंच कळतं. मी एकावर बोट ठेवलं आणि ठामपणे म्हणाले, हा. ती म्हणाली, हा सोडला तर चालेल का? फिजिक्स आत्ता सोडायचं, उन्हाळ्यात एकटंच घ्यायचं. सल्लागार बाई म्हणतात, त्याने डॉक्टरकी अडत नाही. सोडलं नाही तर केमिस्ट्रीही हातची जाईल. सोडायची मुदत चौदा नोव्हेंबर.

मी म्हणाले, थाओ भावजींनी बांधलाय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. नोव्हेंबरअखेर आपल्या नववर्षाला अख्खी बिरादरी भेटेल, मी काय सांगू? एवढं नववर्ष होऊ दे, मग बघू.

ती म्हणाली, नववर्ष मुदतीनंतर आहे, आजी.

मी म्हणाले, बघ, आत्मा घाबरला की असा पळवाटा शोधतो. आणि तिच्यापुढे भोपळ्याचं सूप ठेवलं. तिने संपवलं. म्हणजे पटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मुदत गेली. काझुआने काही सोडलं नाही. मी नेंगला म्हणाले, बघितलंस? थोडं खंबीर राहावं लागतं. तो म्हणाला, कुणी, आई?

मुलगा असला तरी प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

थंडीमुळे बाजार बंद झालाय, त्यामुळे युआला सांगता आलं नाही. हुरहूर लागली.

१६ नोव्हेंबर, रविवार

डबे परत आले, धुतलेले. सगळे रिकामे! नेंगला म्हटलं, बघ, म्हणे फ्रिज उशीएवढा. तो म्हणाला, डबे फेंगने आणून दिले. मी म्हणाले, फेंगने का? म्हणाला, वाटेत पडतं त्याला.

फेंग राहतो नदीपलीकडे, तिथून आपलं घर कुणाच्याच वाटेत पडत नाही. पण डबे रिकामे होते, हे महत्त्वाचं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नववर्ष. मोठा हॉल, चांदीचे हार, पोरापोरींचं रिवाजाचं चेंडू फेकणं, सगळं झालं. काझुआला मी शिवलेला पोशाख घातला. कमरेला बसेना म्हणून मागून पिना लावल्या. सैल पडत होता. मी कापडच जास्त घेतलं असणार.

थाओ भावजींनी चारचौघांत विचारलं, काय डॉक्टर, कसं चाललंय? तिच्या आधी मी म्हणाले, उत्तम. वळून पाहिलं तर पोरगी खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली, डोक्यावरच्या पागोट्यासकट, तोंड उघडं. चांदीची नाणी छातीवर वाजत होती, श्वासाबरोबर. भावजी म्हणाले, वहिनी, ही उत्तम आहे?

चारही दोरे बाहीतून दिसत होते. मळून एकाच रंगाचे झालेले.

युआने आपली शाल काढून तिच्या अंगावर टाकली. माझ्याआधी. मला शाल काढायला वेळ लागला, पिन होती.

मग युआ माझ्या कानात म्हणाली, उद्या ये माझ्याकडे. एकटी ये. टोमणे घरी ठेवून ये.

३० नोव्हेंबर, रविवार

गेले. नेंगने सोडलं. दाराशीच युआने ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं घरात तान्हं मूल आहे.

सोफ्यावर काझुआ. गोधडीत गुंडाळलेली, गाढ. युआ म्हणाली, सप्टेंबरपासून बहुतेक रविवारी येते. फेंग घेऊन येतो. होस्टेलवर गोंगाट, घरी तू. मी काही विचारत नाही. वाडगाभर भात-रस्सा देते, झोपू देते. तुझे डबेही इथेच येतात. आम्हीच खातो. चटणी फार तिखट करतेस.

मी म्हणाले, मला सांगायचंस तरी. युआ म्हणाली, बाजारात सांगायला जात होते एकदा. तू एक्केचाळीसचं सांगत होतीस. कशी सांगू?

तिला माहीत होतं. किती पैकी ते. तेव्हापासून. आणि नंतरचे सगळे शनिवार ती माझ्या शेजारी मुळे मांडत बसली आणि एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

बोलण्याचा आवाज झाला असेल. काझुआने डोळे उघडले. मला पाहिलं. ताडकन उठून बसली आणि म्हणाली, आजी, मी अभ्यासच करत होते.

केस चपटे, गालावर उशीची घडी, आणि म्हणते, अभ्यासच करत होते.

याच्यापुढे आज बोलवत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

बोलायला हवं. नाहीतर तू विसरशील, आणि विसरलीस तर पुन्हा ठासून बोलायला लागशील.

काल युआच्या सोफ्यावरच काझुआजवळ बसले. विचारलं, फिजिक्स अजून सुटतं का? ती आधी युआकडे बघायला लागली. माझ्या नातीने मला उत्तर देण्याआधी दुसऱ्या म्हातारीकडे बघितलं. मग म्हणाली, मुदतीनंतर एकदा सूट मिळते, अख्ख्या शिक्षणात एकदाच. वर्ग संपायच्या आत मागावी लागते. मी विचारलं, मग का नाही मागितलीस? तिने हात पुढे केला.

मी म्हणाले, आण इकडे. कुठला फिजिक्सचा ते मला तेव्हाही माहीत नव्हतं, आताही नाही. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, माहितीये, आजी, तुम्ही केमिस्ट्रीच्या शेजारच्यावर बोट ठेवलं होतं, तो आत्याचा.

चारही सोडले. गाठी घट्ट बसल्या होत्या. माझी नखं चालेनात, युआने कात्री पुढे केली. दोरे कापत नाहीत, सोडतात. म्हणून दातांनी सोडायला गेले तर कवळी निसटली. तिघी हसलो. मग त्या दोघींचं हसणं थांबलं आणि माझं रडणं थांबेना.

खाली कातडी पांढरी पडली होती. गोल गोल.

आज तिने सल्लागार बाईंची गाठ घेतली. फिजिक्स गेलं. केमिस्ट्री वाचेल की नाही ते परीक्षेत कळेल. बाई म्हणाल्या, उन्हाळ्यात एकच विषय घे. मी म्हणणार होते, उन्हाळ्यात एक विषय घेऊन उरलेल्या वेळात काय करणार? पण म्हणाले नाही. ब्लिया इथेच होती. भांडी घासत होती, हळू.

थाओ भावजींना फोन करून खरं सांगितलं. म्हणाले, वहिनी, तीन दिवसांनी सोडायचा असतो. एवढंच. दुसरं काही बोलले असते तर ऐकून घेतलं असतं.

७ डिसेंबर, रविवार

परीक्षेचा आठवडा. काझुआला विचारलं, घरी येतेस का, मी काही बोलणार नाही. ती जरा थांबली. आज माझा फोन चांगला चालत होता. म्हणाली, आजी, परीक्षा होईपर्यंत युआ आजींकडेच जाते. तिथे लगेच झोप लागते.

बरं म्हणाले.

नेंग, हे तुला ऐकवणार आहे, म्हणून नीट ऐक. युआच्या घरी डबा पोचव. एकच. उकडलेली कोंबडी, मोहरीच्या पाल्यातली, रस्सा जास्त. भात नको, भात तिथे असतो. चटणी वेगळ्या वाटीत दे, युआला आमची तिखट लागते. दार हळू वाजव. पोरगी जागी असली तरी कसा चाललाय अभ्यास ते विचारू नकोस. डबा दे आणि ये.