शिंप्याच्या घरी, समक्ष

आई, तू शिकवायचीस ती कोठी बाजाराजवळची मराठी शाळा बंद झाली त्या उन्हाळ्यातल्या एका दुपारबद्दल तुझ्याशी बोलायचं राहूनच गेलं. तेव्हा गल्लोगल्ली इंग्रजी शाळा आणि कॉम्प्युटर क्लास निघत होते, तुझ्या वर्गातली बाकं रिकामी पडत होती. पालकांना पोस्टकार्डं टाकून कळवू, असं शाळेच्या समितीने ठरवलं. तू नको म्हणालीस. एवढ्या उन्हात घरोघर कशाला, असं मी विचारलं तेव्हा चपला घालता घालता म्हणालीस, "समक्ष सांगायचं. अक्ष म्हणजे डोळा. ज्याचं नुकसान करतोय त्याला आपण दिसायला नको?" इथले उर्दू बोलणारे लोक यालाच रूबरू म्हणतात, तोंडासमोर तोंड, हेही तूच सांगितलंस. मी तो शब्द फक्त पत्रांच्या शेवटी वाचला होता, 'बाकी समक्ष भेटीत'. लिहायचा कंटाळा आला की माणसं तसं लिहितात, अशी माझी समजूत.

नामपल्लीला स्टेशनमागे तो शिंपी राहायचा. त्याची मुलगी तुझ्या वर्गात, तुझी लाडकी. मला शेजारी बसवून तू त्याला सगळं नीट सांगतेस. तो मशीन थांबवतो, तुला पाणी देतो आणि अदबीने विचारतो, "बुरा नका मानू बाई, ही तुमची बेटी कुठल्या शाळेत जाते?" मी आबिड्सच्या इंग्रजी शाळेत होते. तो बाबांचा हट्ट होता, तू त्याविरुद्ध किती दिवस भांडली होतीस. तेवढं सांगितलं असतंस तरी चाललं असतं. पण तू त्याच्याकडे बघत म्हणालीस, "इंग्रजी शाळेत." तो आपल्याला दारापर्यंत पोचवायला आला. रिक्षात तू म्हणालीस, "मी त्याला दिसले, बरं झालं. समक्ष म्हटलं की हेही आलंच."

आता माझ्या ऑफिसात अशा समक्ष बोलण्याला 'वन टू वन' म्हणतात. दार लावून एकेकाला बसवते, तो लॅपटॉपकडे बघतो, मीही. बाबांचं नाव तू का घेतलं नाहीस, हे मला तुला विचारायचं होतं. तू रोज ओट्यापाशी उभी असायचीस, भाजी चिरता चिरता विचारता आलं असतं. आज लिहायला बसले तर दुपार गेली. ऱ्हस्व-दीर्घ बरेच चुकले असणार, मला ते कधी नीट आलंच नाही. तपासून द्यायला आता तू नाहीस, तेव्हा तसेच ठेवते.