गाठोडं, मेट्रनबाई आणि वर्गसमीकरण

ती. वन्संना,

इस्त्रीच्या टेबलापलीकडून वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? डावा गुडघा उजव्याचं ऐकत नाही असं तुम्ही मागे लिहिलं होतं. डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधता ना, की कपाटाच्या दाराला लटकावून ठेवलाय? (ठेवला असणार. मी तुम्हांला ओळखते.) भाच्याचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते की इकडे सगळं ठीक आहे. आता पद्धत पाळून झाली, तेव्हा खरं सांगते. वन्सं, मी फार म्हणजे फार घाबरले आहे. येत्या गुरुवारी संध्याकाळी मला कॉलेजात सगळ्या वर्गासमोर फळ्याशी उभं राहून एक गणित समजावून सांगायचं आहे, आणि ते ऐकायला आमच्या मेट्रनबाई जातीनं येणार आहेत. या त्याच मेट्रनबाई, ज्यांच्या डोक्यावर मी गेल्या आठवड्यात चादर टाकली.

तुम्ही लगेच कपाळाला हात लावाल, म्हणून पहिल्यापासून सांगते. हे गेल्यानंतर इस्पितळाच्या लाँड्रीत मी इस्त्रीला लागले हे तुम्हांला माहीत आहे. आता वाफेनं छाती भरून येते. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वाफ सोडा नाहीतर वाफ तुम्हांला सोडणार नाही. त्याच सुमाराला पेशंट लोकांच्या वाचनालयात मदतनिसाची जागा निघाली. वन्सं, ती खोली तुम्ही पाहिलेली नाही. उत्तरेला खिडकी, भिंतीला पुस्तकं, आणि दिवसभरात कोणी तुमच्या हातात ओलं काही देत नाही! मला वाचायची गोडी कशी लागली ते तुम्हांला ठाऊक आहे. बरा झालेला माणूस घाईनं घरी जातो आणि उशीखाली पुस्तक विसरतो, ते चादरीबरोबर गाठोड्यातून आमच्याकडे येतं. (न्यायची आठवण राहते ती फक्त शेवट जवळ आलेल्या पुस्तकाची, त्यामुळे माझ्या वाट्याला अर्ध्यात सोडलेलीच पुस्तकं येतात.) तर त्या जागेसाठी संध्याकाळच्या कॉलेजचं प्रमाणपत्र लागतं, आणि प्रमाणपत्रासाठी बीजगणित. कपाटात पुस्तकं लावायला बीजगणित कशाला, असं मी ऑफिसातल्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, मला नोकरीला लागताना पोहता येतं का म्हणून विचारलं होतं. तेव्हापासून मी या खुर्चीत बसलोय." मी लगेच कॉलेजात नाव घातलं.

सरळ रेषेपर्यंत माझं बरं चाललं होतं. सरळ रेषा म्हणजे कशी, गरीब बाई. एकदा चालायला लागली की कुठे जाणार ते सांगून जाते. मग एके दिवशी मास्तरांनी क्षच्या खांद्यावर एक बारीकसा दोन बसवला आणि म्हणाले, हे वर्गसमीकरण. त्या एवढ्याशा दोननं रेषेची कंबर वाकली. आता ती वर चढते, कुठेतरी थबकते आणि खाली येते. पुढे उणे चिन्ह असलं तर कमान उभी, नसलं तर वाटीसारखी उताणी. त्यातून उत्तरं दोन. एका प्रश्नाला दोन उत्तरं आणि दोन्ही बरोबर, असं मी आजवर फक्त तुमच्या माहेरी पाहिलं होतं. (रागावू नका. भीतीनं माझी जीभ सैल सुटते.) मास्तर चांगले आहेत, माझ्या मुलाच्या वयाचे असतील, मुलगा असता तर. कोणाला चुकलात म्हणत नाहीत. चुकलं की "अरे वा, हे कसं आलं?" असं विचारतात, आणि त्यामुळे जास्त भीती वाटते.

शेवटच्या परीक्षेऐवजी त्यांनी प्रत्येकाला काम दिलं: आपल्या रोजच्या व्यवहारातली वर जाणारी नाहीतर खाली येणारी एखादी गोष्ट घ्या, मोजा, समीकरणात बसवा आणि ते खरं ठरतं का ते करून पाहा. एका टॅक्सीवाल्यानं कारंजं घेतलं. मला दुसरं काय सुचणार? आमच्याकडे वरच्या वॉर्डातल्या चादरी गाठोडं बांधून मागच्या गॅलरीतून खालच्या हातगाडीत फेकतात, कारण लिफ्ट पेशंटसाठी. फेकणारी माझी मैत्रीण. तिला आम्ही बिगुल म्हणतो, कारण ती कानात बोलली तरी फाटकापर्यंत ऐकू जातं. गॅलरीचा कठडा जमिनीपासून सोळा फूट. फेकलेली वस्तू किती वेळात खाली येते त्याचं सूत्र पुस्तकात होतं, त्यातही सोळाच होते. मी समीकरण मांडलं आणि उत्तर आलं एक सेकंद. दुसरं उत्तर आलं उणे एक सेकंद. म्हणजे बिगुलनं फेकायच्या आधीच गाठोडं खाली येऊन पडलेलं! मी घाबरून मास्तरांकडे गेले. ते म्हणाले, ते उत्तर गणिताचं आहे, गाठोड्याचं नाही, ते सोडून द्या. वन्सं, इतकं सोपं असतं का हो सोडून देणं? मी रात्रभर त्या उणे सेकंदाचा विचार करत होते. काही घडायच्या आधीचा एक सेकंद. असो.

बिगुल गाठोडं सेकंदाला सहा फूट पुढे लोटते असं मी मोजून काढलं (कसं ते विचारू नका, त्यात एक उशी आणि व्हरांडा होता), तेव्हा भिंतीपासून सहा फुटांवर खडूनं खूण केली आणि गाडी तिथे उभी केली. आता माझी चूक ऐका. ही चूक इस्त्री करणाऱ्या बाईशिवाय कोणाच्या हातून व्हायची नाही. पहिल्याच प्रयोगाला मळकी गाठोडी कशाला, म्हणून मी स्वतः इस्त्री केलेल्या स्वच्छ चादरी वर पाठवल्या. आणि बिगुलला बजावलं, गाठ आवळू नकोस गं, सुरकुत्या पडतील, मला पुन्हा इस्त्री फिरवावी लागेल. तिनं आवळली नाही. पुस्तकात सूत्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हवेचा अडथळा विचारात घेतलेला नाही. मला वाटलं, हवा ती हवा, तिची एवढी काय बिशाद! बिगुलनं वरून "आलंऽऽ!" अशी हाळी दिली, गाठोडं कठड्यावरून सुटलं, अर्ध्या वाटेत गाठ सुटली, आणि सगळ्या चादरींनी आपापली वाट धरली. एक गाडीत पडली (हे माझं यश). एक खिडकीच्या गजाला लागली. आणि सगळ्यांत मोठी, दोन्ही हात पसरून, अगदी सावकाश, तरंगत तरंगत खाली आली. त्याच वेळी मेट्रनबाई तपासणीला आलेल्या पाहुण्यांना घेऊन कोपऱ्यावरून वळल्या.

वन्सं, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चादरीखाली नुसत्या उभ्या राहिल्या. अनावरणाआधी पुतळे असतात तशा. पाहुण्यांपैकी एकांनी टोपी काढली. त्यांना काय वाटलं कोण जाणे. वरून बिगुल अख्ख्या इस्पितळाला ऐकू जाईल अशी कुजबुजली, "अगं, तुझं गणित चुकलं वाटतं!" चादरीतून आवाज आला, "गणित?"

दुपारी ऑफिसात बोलावलं. मी सगळं सांगितलं, उणे सेकंदासकट. मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाल्या, "वाचनालयाच्या जागेसाठी शिफारस मीच करायची आहे, माहीत आहे ना? मग गुरुवारी मी येऊन बसते. काय शिकलात ते मला ऐकायचंय. तोवर चादरी जमिनीवर राहू द्या." हे रागानं बोलल्या की कसं, ते मला अजून कळलेलं नाही आणि तीच मोठी भीती आहे. मास्तरांना सांगितलं तर ते आनंदानं जवळजवळ नाचलेच. म्हणाले, "अरे वा! समीकरण का मोडलं तेच तर सांगायचं असतं. हेच मांडा, असंच्या असं." त्यांना नाचायला काय जातं? मला बसणारी वाफ त्यांना थोडीच बसणार आहे.

गणिताची भीती राहिली नाही, वन्सं. हवेनं काय केलं, गाठ कशी हवी होती, उणे उत्तर का सोडायचं, सगळं मला समजलंय. भीती आहे उभं राहून बोलायची. हे गेले तेव्हा त्यांच्या कारखान्यातल्या माणसांनी सभा घेतली होती, आठवतं? मला दोन शब्द बोला म्हणाले. मी उठले, तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. तुम्ही मला हाताला धरून खाली बसवलंत. तेव्हापासून चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की मी बोलायचं टाळते. भाजीवाल्याकडे गर्दी असली तर मी बोटानं दाखवते. घरी मी सराव करते. पलंगावरच्या धुतलेल्या चादरीच्या घडीसमोर उभी राहते (चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात; दुसरं टोक हे धरायचे, आता मी दाराच्या कडीत अडकवते), आणि म्हणते, "सुप्रभात." संध्याकाळचा वर्ग असून. काल इस्त्रीसमोर बोलून पाहिलं, तर इस्त्रीनं उशीचा अभ्रा जाळला.

तेव्हा मी ठरवलं आहे की गुरुवारी आजारी पडायचं. छाती तर आहेच, खोटं बोलावं लागणार नाही. वाचनालयात दुसरं कोणी जाईल, पुस्तकं त्यालाही लावता येतील. तुम्हांला एवढं कळवावं म्हणून हे पत्र. काळजी करू नका. भाच्याला आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. आजारी पडायचं म्हटलं खरं, पण आज बिगुल चारचौघींत म्हणाली की तिनं गुरुवारची सुट्टी टाकली आहे आणि ती पहिल्या बाकावर बसून मला हळूच शब्द सुचवणार आहे. तिचं हळूच म्हणजे काय ते तुम्हांला कळलंच असेल. आता आजारी पडले तर तेही सगळ्या गावाला ऐकू जाईल.

पुन्हा ता. क. वन्सं, गुरुवारी तुम्ही याल का? बस कॉलेजच्या दारात थांबते आणि वर्ग तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही, मी पाहून आले. गणित कळायची गरज नाही. मागच्या बाकावर बसा आणि माझ्याकडे बघा, मी भाजी खारट केली की बघायचात तशा. तुम्ही तशा बघायला लागलात की मला दुसऱ्या कोणाची भीती वाटायला जागाच उरत नाही.

आणखी एक. यांचे डोळे हुबेहूब तुमच्यासारखे होते, हे मी तुम्हांला कधी बोलले नाही. यायला जमणार नसेल तर कळवू नका. उत्तर आलं नाही म्हणजे तुम्ही येताय असं धरीन, आणि मागच्या बाकाकडे बघून बोलायला सुरुवात करीन.